पॅनेलच्या पाठीवरचे आकडे

गच्चीवर सौर पॅनेल बसलं त्या संध्याकाळी मला वाटलं, काम झालं. पॅनेल चांगलं हवं, बॅटरी चांगली हवी, आणि दोघांच्या मध्ये जो छोटा डबा लागतो तो कुठलाही चालेल, अशी माझी पक्की समजूत होती. तो डबा म्हणजे चार्ज कंट्रोलर, पॅनेलची वीज बॅटरीत नीट भरणारा. पुढचे आठ महिने मी ज्या भानगडीत अडकले, ती सगळी त्या समजुतीतून आली.

पॅनेल होतं ३३० वॅटचं, ७२ सेलचं. बॅटरी १२ व्होल्टची, १५० अँपिअर-आवरची ट्युब्युलर, म्हणजे पाणी घालावं लागतं ती. कंट्रोलरवर मोठ्या अक्षरांत 'एमपीपीटी' आणि '३० अँपिअर' असं छापलेलं होतं. हातात घेतल्यावर साबणाच्या वडीइतका हलका. तेव्हा तो हलकेपणा मला चांगलाच वाटला होता.

पहिले काही आठवडे दिवे लागत होते, पंखा फिरत होता. मग रात्री साडेदहाला सगळं बंद पडायला लागलं. मग साडेनऊला. बॅटरी नवी होती, ऊन भरपूर होतं, आणि तरी बॅटरी कधी भरतच नव्हती. हायड्रोमीटरने, म्हणजे बॅटरीतल्या पाण्याची घनता मोजणाऱ्या नळीने, पाहिलं तर सहाही सेलमध्ये १.१८ च्या खाली. पूर्ण भरलेल्या ट्युब्युलर बॅटरीत हा आकडा १.२४ च्या आसपास असायला हवा. म्हणजे ती महिनोन्महिने अर्धपोटी राहिली होती, आणि लेड-अ‍ॅसिड बॅटरीला अर्धपोटी ठेवण्याइतकं वाईट दुसरं काही नाही. प्लेटांवर सल्फेटचे कठीण खडे धरतात आणि एकदा ते घट्ट झाले की बॅटरीची क्षमता परत येत नाही.

शेजारच्या काकांचा सगळा जन्म वायरिंगच्या कामात गेलेला. त्यांना बोलावलं. ते वर आले, कंट्रोलरकडे पाहिलंही नाही, आणि मला विचारलं, "पॅनेलच्या पाठीवरचं स्टिकर वाचलंस का?"

"नाही काका. ३३० वॅट आहे एवढं माहीत आहे."

"वॅट सोडून दे. व्होल्ट वाच, अँपिअर वाच. मग बोलू."

मी गच्चीवर आडवी होऊन मोबाइलच्या उजेडात ते स्टिकर वाचलं आणि वहीत उतरवून घेतलं. पूर्ण ताकदीवर चालतानाचा व्होल्टेज ३७.५. त्या वेळचा करंट ८.८ अँपिअर. ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे पॅनेलला काहीच जोडलेलं नसतानाचा, ४६. शॉर्ट सर्किट करंट ९.३. आणि खाली बारीक अक्षरांत, तापमानागणिक व्होल्टेज किती बदलतो त्याचा आकडा: दर अंश सेल्सिअसला उणे ०.३ टक्के. तो शेवटचा आकडा मी तेव्हा नुसता लिहून ठेवला. पुढे सगळ्यात जास्त कामाला आला तोच.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका क्लॅम्प मीटर घेऊन आले. डीसी मोजणारा हवा, साधा एसीवाला इथे उपयोगाचा नाही. त्यांनी मीटरचा चिमटा पॅनेलकडून येणाऱ्या वायरीभोवती लावला: ८.४ अँपिअर. मग बॅटरीकडे जाणाऱ्या वायरीभोवती: ८.४ अँपिअर. काकांनी मीटर माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "हा एमपीपीटी नाही."

मला ते कळायला थोडा वेळ लागला. चार्ज कंट्रोलर मुख्यतः दोन प्रकारचे, पीडब्ल्यूएम आणि एमपीपीटी. पीडब्ल्यूएम कंट्रोलर म्हणजे मुळात एक वेगाने चालू-बंद होणारा स्विच. तो पॅनेल थेट बॅटरीला जोडतो, त्यामुळे पॅनेलला बॅटरीच्या व्होल्टेजवर उतरावं लागतं. ३७ व्होल्टवर काम करू शकणारं माझं पॅनेल १३ व्होल्टवर येऊन बसत होतं, आणि करंट मात्र तेवढाच, आठ-साडेआठ अँपिअर. १३.२ गुणिले ८.४ केलं की १११ वॅट. ३३० वॅटच्या पॅनेलमधून एक तृतीयांश. बाकीचं माझ्या हाती कधी आलंच नाही.

खरा एमपीपीटी सायकलच्या गिअरसारखा असतो. पॅनेलला त्याच्या सोयीच्या व्होल्टेजवर चालू देतो आणि पुढे बॅटरीकडे व्होल्ट कमी करून अँपिअर वाढवून देतो. त्यामुळे उन्हात, बॅटरी भुकेलेली असताना, बॅटरीकडचा करंट पॅनेलकडच्या करंटपेक्षा स्पष्ट जास्त दिसलाच पाहिजे. दोन्हीकडे एकच आकडा आला तर डब्यावर काहीही छापलेलं असो, आत पीडब्ल्यूएमच आहे. शिवाय हे गिअरचं काम करायला आत तांब्याच्या वायरीचं जाडजूड इंडक्टर लागतं. ३० अँपिअरचा एमपीपीटी हलका असूच शकत नाही.

इथे एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे, कारण पीडब्ल्यूएमला उगाच नावं ठेवली जातात. ३६ सेलचं छोटं पॅनेल, जे साधारण १८ व्होल्टवर चालतं, आणि १२ व्होल्टची बॅटरी, अशी जोडी असेल तर चांगला पीडब्ल्यूएम उत्तम काम देतो. कमी भाग, कमी बिघाड. चूक कंट्रोलरच्या प्रकारात नव्हती. चूक ७२ सेलचं पॅनेल १२ व्होल्टच्या बॅटरीला पीडब्ल्यूएमवरून जोडण्यात होती. आणि फसवणूक त्या छापलेल्या चार अक्षरांत होती, तिचा राग मला अजून आहे.

नवा कंट्रोलर घ्यायचं ठरत होतं, तेवढ्यात दुसरी घटना घडली. कंट्रोलरला तीन जोड्या असतात: पॅनेल, बॅटरी आणि दिव्याचं चित्र असलेली लोडची. मी माझा ३०० वॅटचा इन्व्हर्टर त्या दिव्याच्या चित्राखाली जोडला होता. बॅटरी उतरली की कंट्रोलर लोड बंद करतो, मग इन्व्हर्टरही आपोआप बंद होईल, असा माझा विचार. एका संध्याकाळी इन्व्हर्टर चालू केला आणि काही मिनिटांत खोलीत वास यायला लागला, प्लास्टिक तापल्याचा, गोडसर आणि घशाला लागणारा. जवळ गेले तर लोडच्या प्लसचा स्क्रू जिथे बसतो तिथलं हिरवं प्लास्टिक तपकिरी होऊन खाली ओघळलं होतं, आणि वायरीचं आवरण बोटाने दाबलं तर मऊ लागत होतं. मी इन्व्हर्टर बंद केला. बॅटरीजवळ फ्यूज नव्हता. वायर तशीच वितळून प्लस-मायनस एकमेकांना भिडले असते, तर बॅटरीने शेकडो अँपिअर त्यात ओतले असते आणि ते थांबवणारं मध्ये काहीही नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

काकांनी कारण सांगितलं. १२ व्होल्टवर ३०० वॅट म्हणजे २५ अँपिअर, आणि त्या कंट्रोलरचा लोड होता २० अँपिअरचा. त्यावर इन्व्हर्टर सुरू होताना त्याच्या आतले कपॅसिटर क्षणभर कितीतरी पट करंट ओढतात. इन्व्हर्टर नेहमी थेट बॅटरीला, स्वतःच्या फ्यूजमधून. बॅटरी उतरल्यावर बंद व्हायची सोय त्याच्या आत असतेच. दिव्याच्या चित्राखाली फक्त दिवे, छोटा पंखा, असलं किरकोळ. त्यात माझा स्क्रूही पुरेसा आवळलेला नव्हता. सैल जोड म्हणजे रेझिस्टन्स, आणि करंट दुप्पट झाला की तिथली उष्णता चौपट होते.

तो कंट्रोलर काढताना आणखी एक धडा मिळाला. भर उन्हात मी पॅनेलचा एमसी-४ प्लग सरळ ओढून काढला. निघताना निळसर ठिणगी लांबली, चुर्र असा आवाज झाला आणि पिनेवर काळा डाग पडला. घरातला एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझायला वाव मिळतो. डीसी शून्यावर येतच नाही, ठिणगी पेटली की पेटत राहते. म्हणून उन्हात हे प्लग कधीच ओढायचे नाहीत. आधी स्विच पाडायचा, किंवा पॅनेलवर जाड अपारदर्शक कापड टाकायचं, मग हात लावायचा.

आता निवड. आणखी एक पॅनेल घ्यायचं होतं, म्हणजे ६६० वॅट. १२ व्होल्टवर एवढे वॅट म्हणजे पन्नासच्या घरात अँपिअर, १५० अँपिअर-आवरच्या बॅटरीला ते झेपत नाही. अशा बॅटरीला क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याइतका, म्हणजे १५ अँपिअर, करंट आरामाचा. थोडा जास्त चालतो, पण तिप्पट नाही. म्हणून २४ व्होल्टवर जायचं ठरवलं, दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला. जुनी बॅटरी वाचते का पाहावं म्हणून दुसऱ्या चार्जरवर दोन दिवस लावून पाहिली. पाच सेल वर आले, एक १.१९ वरच अडकला. काका म्हणाले, जुनी आणि नवी एका ओळीत जोडू नकोस, दुबळी लवकर भरल्यासारखी दाखवेल, लवकर उतरेल आणि चांगलीलाही खाली ओढेल. शेवटी दोन्ही नव्या घेतल्या, एकाच तुकडीतल्या. जुनी शिसं परत घेणाऱ्याकडे दिली. देताना वाईट वाटलं, तिचा काहीच दोष नव्हता.

कंट्रोलरच्या अँपिअरचा हिशोब सोपा निघाला. ६६० भागिले २४, म्हणजे साडेसत्तावीस. ३० चा पुरतो. आणि कधी जास्तीचं ऊन पडलं, तरी चांगला एमपीपीटी आपल्या मर्यादेपेक्षा जास्त करंट घेतच नाही, वरचं सोडून देतो.

व्होल्टचं तसं नाही, आणि या सगळ्या लिखाणात मला काही सांगायचं असेल तर ते हेच आहे. जास्त अँपिअर कंट्रोलर नाकारू शकतो, जास्त व्होल्ट नाकारू शकत नाही. पॅनेलचा व्होल्टेज त्याच्या मर्यादेच्या वर गेला की आतले भाग जळतात, बहुधा कायमचे. आणि तो सगळ्यात जास्त होतो कधी? मला वाटायचं, वैशाखातल्या भर दुपारी. उलट आहे. पॅनेल तापलं की व्होल्टेज उतरतो, थंड झालं की चढतो. स्टिकरवरचा ४६ हा २५ अंशांचा आकडा. वर्षातल्या सगळ्यात थंड पहाटे, सूर्य नुकताच वर आलेला, पॅनेल रात्रभर गारठलेलं आणि कंट्रोलरने अजून करंट ओढायला सुरुवात केलेली नाही, ही धोक्याची वेळ.

मी वहीत मांडलं. दोन पॅनेल सिरीजमध्ये, ४६ अधिक ४६, म्हणजे ९२. सगळ्यात कमी तापमान ८ अंश धरलं. २५ मधून ८ गेले, १७. गुणिले ०.३, म्हणजे ५.१ टक्के वाढ. ९६.७ व्होल्ट. बाजारात सहज मिळणाऱ्या पुष्कळ कंट्रोलरची मर्यादा १०० व्होल्टची. कागदावर बसत होतं. पण तीन व्होल्टांच्या फटीवर सगळा संसार टांगायचा, आणि एखाद्या वर्षी पारा अजून चार-पाच अंश उतरला तर? मी १५० व्होल्टचा घेतला.

पॅरलल, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस, का नाही, असं काकांनीच विचारून पाहिलं. पॅरललमध्ये व्होल्टेज ४६ च राहतो, मग १०० चा आरामात चालतो. पण उन्हात तापल्यावर माझ्या पॅनेलचा चालता व्होल्टेज ३७.५ वरून ३२ च्या आसपास उतरतो, आणि २४ व्होल्टची बॅटरी भरायला २८.८ लागतात. एमपीपीटीला काम करायला बॅटरीपेक्षा काही व्होल्ट वरचे लागतात. फार थोडी जागा उरत होती. सिरीजमध्ये तेच ६४ मिळतात, आणि करंट निम्मा राहिल्याने गच्चीवरून येणारी लांब वायर ४ चौरस मिलिमीटरची पुरते.

वायरीवरून आठवलं. पहिला कंट्रोलर मी जिन्याच्या वरच्या टोकाला लावला होता, बॅटरीपासून सात मीटरवर, ४ चौरस मिलिमीटरच्या वायरीने. जाऊन-येऊन चौदा मीटर. ८.४ अँपिअरला त्यात अर्धा व्होल्ट पडत होता. म्हणजे कंट्रोलरला १४.४ दिसायचे आणि तो समजायचा बॅटरी भरत आली, तेव्हा बॅटरीच्या टोकांवर १३.९ च असायचे. आधीच कमी मिळणाऱ्या बॅटरीच्या तोंडातला घासही तो लवकर काढून घेत होता. लांब अंतर असेल तर ते पॅनेल आणि कंट्रोलरच्या मध्ये ठेवावं. कंट्रोलर ते बॅटरी अंतर जितकं कमी तितकं बरं. नवा मी बॅटरीपासून दोन मीटरवर लावला, १० चौरस मिलिमीटरच्या वायरीने, वायरीच्या टोकाची धातूची थिंबल नीट दाबून.

बॅटरीच्या डोक्यावर मात्र लावला नाही. चार्ज होताना पाण्याच्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि हवेत तो चार टक्के झाला की ठिणगीने पेटतो. वाफेबरोबर अ‍ॅसिडचा अंशही वर येतो आणि सर्किट खातो. बाजूच्या सिमेंटच्या भिंतीवर उभा लावला, पाठीवरच्या धातूच्या पट्ट्यांची उष्णता निघून जावी म्हणून वर-खाली वीतभर मोकळी जागा ठेवून. बॅटरीच्या खोलीची वरची खिडकी कायम उघडी. लाकडी फळीवर लावायचा मोह झाला होता, कारण खिळे सोपे जातात. पण भर दुपारी त्याच्या पाठीला हात लावून पाहाल तर फळी का नको ते कळेल.

बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरावर ४० अँपिअरचा डीसी फ्यूज. इन्व्हर्टरच्या वायरीला वेगळा. पॅनेलकडे दोन पोलचा डीसी ब्रेकर, १५० व्होल्टच्या वरचा. घरात उरलेला साधा एसीचा ब्रेकर होता. काकांनी तो हातातून घेऊन खिशात टाकला.

जोडण्याच्या दिवशी त्यांनी मला एकटीला करू दिलं, स्वतः खुर्ची टाकून बसले. अंगठी काढायला लावली, पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळायला लावली. आधी बॅटरी. पडदा उजळला, २५.४ व्होल्ट, आणि बाजूला '२४ व्होल्ट सिस्टिम'. हे आधी का, तर कंट्रोलर बॅटरीवरून ओळखतो की आपण १२ वर आहोत की २४ वर. बॅटरी नसताना पॅनेल जोडलं तर त्याला टेकायला काही नसतं, चुकीचं ओळखू शकतो, बिघडूही शकतो. काढताना याच्या उलट: आधी पॅनेल, शेवटी बॅटरी.

मग सेटिंग. बॅटरीबरोबर आलेल्या कागदावरचेच आकडे घातले: मुख्य चार्जला २८.८, भरल्यावर धरून ठेवायला २७.४. तापमानाचा सेन्सर बॅटरीच्या अंगाला चिकटवला. लेड-अ‍ॅसिड बॅटरी गरम झाली की तिला कमी व्होल्टेज हवा असतो, दर सेलला दर अंशाला साधारण ४ मिलिव्होल्ट. बारा सेल आणि दहा अंश वाढ धरली तर जवळजवळ अर्धा व्होल्ट होतो. सेन्सर नसेल तर उन्हाळ्यात पाणी भराभरा आटतं. माझ्या भावाकडे लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी आहे, त्याचं सगळं वेगळं: तिथे ही तापमानाची भरपाई बंद, इक्वलायझेशन, म्हणजे सगळे सेल सारखे करायला मुद्दाम जास्त व्होल्टेज देणं, सक्त बंद, आणि बॅटरी शून्य अंशाच्या खाली असताना चार्जिंगच नाही. त्याने माझे आकडे मागितले होते. मी दिले नाहीत, त्याच्या बॅटरीचा कागद वाच म्हटलं.

पॅनेलची टोकं जोडण्याआधी मल्टिमीटर लावला. ८६ व्होल्ट, आकड्यापुढे वजाचं चिन्ह नाही, म्हणजे प्लस-मायनस बरोबर. एवढा डीसी अंगाला लागणं हलक्यात घेण्यासारखं नाही, म्हणून पॅनेलवर कापड, ब्रेकर खाली, मगच स्क्रू आवळले. मग कापड काढलं, खाली आले, ब्रेकर वर केला.

काकांनी काही न बोलता क्लॅम्प मीटर पुढे केला. पॅनेलकडे ७.९ अँपिअर. बॅटरीकडे १८.२. मी दोनदा मोजलं, मग तिसऱ्यांदा, चिमटा उलटा लावून.

आठवड्याने सगळे स्क्रू पुन्हा आवळले. तांब्याच्या बारीक तारा दबून बसतात आणि जोड सैल होतो, चारपैकी दोन स्क्रू पाव फेरा फिरलेच. आता दर दोन-तीन महिन्यांनी ते करते, त्याच वेळी धूळ पुसते, बॅटरीचं पाणी पाहते. हायड्रोमीटर सहा महिने १.२४ च्या आसपासच आहे.

कंट्रोलरमध्ये नोंदींचं एक पान आहे, त्यात आजवरचा पॅनेलचा कमाल व्होल्टेज राहतो. यंदाच्या थंडीत, ज्या पहाटे पारा सगळ्यात खाली गेला, त्या दिवशी उजाडताच मी ते पान उघडलं. ९६.१. वही आणली, ९६.७ च्या खाली तो आकडा आणि तारीख लिहिली, आणि काकांना दाखवायला गेले.